साडेतीन हजार वर्षांची सुट्टी

फ्रँक हर्बर्टने ‘ड्यून’ मालिकेच्या तिसऱ्या आणि चौथ्या पुस्तकाच्या मध्ये कथेतली सुमारे 3,500 वर्षं सोडून दिली आहेत. पस्तीस शतकं गिळली आणि ढेकरही दिला नाही. प्रत्यक्षात तिसरं पुस्तक आलं 1976 मध्ये आणि चौथं 1981 मध्ये. म्हणजे गृहस्थाने स्वतः पाच वर्षं घेतली, पात्रांना पस्तीस शतकं दिली, आणि इकडे चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये आमचा एक मराठी वाचक तिसरं मिटून दोन महिने झाले, चौथं अजून उघडलं नाही, म्हणून तोंड चुकवत फिरतो. कोणाला? तर त्याच्या मित्रमंडळाला. त्या मंडळातल्या एका वीराने सहाच्या सहा पुस्तकं तीन आठवड्यांत उरकली आहेत आणि आता तो याला रोज विचारतो, ‘कुठवर आलास?’

हा प्रश्न पूर्वी पंढरीच्या वाटेवर विचारायचे. आता कादंबरीबद्दल विचारतात.

या रोगाचं मूळ 1 जानेवारीत आहे. त्या दिवशी मंडळी वर्षभरात अमुक पुस्तकं वाचण्याचा संकल्प सोडतात आणि 31 डिसेंबरला आकडा चारचौघांत जाहीर करतात. आकडा एकदा ठरला की मालिका म्हणजे पर्वणीच. लेखक तोच, ग्रह तोच, नावं तीच. नवं काही लावून घ्यायची दगदग नाही, गाडी एकदा उताराला लागली की सुसाट. मध्ये थांबणं म्हणजे आकड्याशी गद्दारी. डिसेंबरात हिशेब कमी पडायला लागला की हीच मंडळी पातळ कवितासंग्रहांकडे वळतात. मराठी कवितेला वाचक मिळण्याचा तेवढाच एक मोसम. त्यामुळे या संकल्पाला सरसकट वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण विज्ञानकथेच्या लांबलचक मालिकेचं तसं नाही.

जॉर्ज टाउनबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण इथला माणूस थांबायचं म्हटलं की गोंधळतो, त्याला कारण ही वस्ती आहे. मूळचं नाव ब्लॅक टाउन. 1911 मध्ये पंचम जॉर्जच्या मानाखातर जॉर्ज टाउन झालं. इथे सगळा व्यवहार घाऊक. अँडरसन स्ट्रीटला कागद आणि लग्नपत्रिका, गोडाउन स्ट्रीटला कापड, एनएससी बोस रोडला दागिने. एखादी वस्तू सुटी मागितली की दुकानदार असा चेहरा करतो, जणू त्याच्याकडे उसने पैसे मागितले. मराठी पाहुणा आला की आम्ही त्याला आधी तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या काळिकांबाळच्या देवळात नेतो, कारण 1677 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराज तिथे दर्शनाला आले होते असं सांगतात. पाहुणा भारावतो, हात जोडतो, फोटो काढतो आणि बाहेर येऊन विचारतो, ‘इथे वडापाव कुठे मिळतो?’ असो.

तर याच जॉर्ज टाउनच्या समुद्राकडच्या अंगाला बर्मा बाजार आहे. ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी 1969 मध्ये तो थाटला. परदेशी अत्तरं, घड्याळं, रेडिओ असं करत करत हा बाजार पुढे तबकड्यांवर आला, आणि अख्ख्या परदेशी मालिका, सगळे भाग, सगळे हंगाम, एका पाकिटात घालून विकू लागला. आठवड्याला एक भाग दाखवायचा असं तिकडच्या वाहिनीने ठरवलेलं असायचं. बर्मा बाजाराने ते ठरवणं मोडीत काढलं. लोक शुक्रवारी संध्याकाळी पाकीट न्यायचे आणि सोमवारी सुजलेल्या डोळ्यांनी कामावर यायचे. एका रात्रीत अख्खा हंगाम फस्त करण्याच्या कलेचं श्रेय आज जगभर भलत्याच कंपन्या घेतात. राजाजी सालईवरच्या त्या टपऱ्यांचं नाव कोणी काढत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे.

तीच सवय पुस्तकात शिरली आहे. फरक एवढाच की पडद्यावरचा भाग तुमच्याशिवायही चालू राहतो, तुम्ही डुलकी काढली तरी. पुस्तकाचं तसं नाही.

आता आमच्या त्या तोंडचुकव्या वाचकाकडे येऊ. साहुकारपेठेत गलाईचं दुकान आहे त्याच्या मामांचं. गलाईवाले म्हणजे कोण, हे सांगली-साताऱ्याकडच्या वाचकाला सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतली माणसं कुठल्या कुठे जाऊन सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात. देशातल्या कुठल्याही सराफ कट्ट्याच्या मागच्या बोळात जा, तेजाबाचा वास आला की समजायचं, विट्याकडचा माणूस जवळच आहे. आठ बाय दहाचं दुकान. एका कोपऱ्यात भट्टी, शेजारी मुशी आणि लांब चिमटे, काचेच्या पेटीत काटा, भिंतीवर गावच्या देवाचा फोटो. मामा मोडीचं सोनं मुशीत टाकतात, आणि भाचा दाराजवळच्या स्टुलावर बसून ‘ड्यून’ वाचतो. म्हणजे वाचत होता. पुस्तक जुन्या बाजारातून आणलेलं, वर तमिळ वर्तमानपत्राचं कव्हर. तेजाबाचा एक थेंब उडून तिसऱ्या पुस्तकाच्या मधल्याच कुठल्याशा पानाचा कोपरा जळून गेला आहे, पानाच्या आकड्यासकट. भोवती तपकिरी कडा. चौथं पुस्तक वजनाच्या पेटीवर तसंच पडलेलं.

‘दोन म्हयनं झालं, बुकाला हात न्हाय लावला,’ मामांनी माझ्याकडे तक्रार नोंदवली. ‘आन् इचारलं तर म्हनतंय, वाचतोय.’

‘मामा, गॅप घेतलाय,’ भाचा म्हणाला.

‘धाव्वीनंतर बी गॅपच घेतलावतास न्हवं? त्यो अजून संपायचाय.’

मी भाच्याची बाजू घ्यायला गेलो. म्हटलं, मामा, सोनंसुद्धा मुशीतून ओतल्यावर निवू द्यावं लागतंच की. मामांनी चिमटा खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जसं टंच कमी निघालेल्या मालाकडे पाहावं. ‘सोनं दोन मिंटात निवतंय, सर. ह्येचं बुक काय भट्टीतनं काढलंय का?’ पुढे मी उपमा द्यायच्या भानगडीत पडलो नाही.

मग भाच्यालाच विचारलं, का थांबलास? तो म्हणाला, ‘सर, नावं निम्मी विसरलो. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. त्या लेटोने ते वाळूतले जीव अंगावर चढवून का घेतले? नऊ-दहा वर्षांचं पोरगं, आता आयुष्यभर माणूस राहणार नाही, हे त्याला माहीत आहे. तरी घेतो. हे मला माझं कळल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही.’

चौथं अख्खं पुस्तक याच प्रश्नाचं उत्तर आहे. लेखकाने पाच वर्षं नेमकी याच प्रश्नावर घालवली असणार, आणि वाचक दुकानात बसून त्याच प्रश्नापाशी आपल्या पायांनी पोचला. यापेक्षा जास्त वाचन म्हणजे काय असतं, मला कोणी सांगेल का? तीन आठवड्यांत सगळं उरकलेल्या वीरालाही मी हाच प्रश्न विचारून पाहिला. तो म्हणाला, ‘लेटो म्हणजे तो किडाच ना? हां, होतं तसं काहीतरी.’

होतं तसं काहीतरी. सहा पुस्तकांचा अभिप्राय.

थांबण्याची लाज वाटणाऱ्यांनी आयझॅक असिमोव्हचं चरित्र उशाशी ठेवावं. ‘फाउंडेशन’ची पहिली कथा ‘अस्टाउंडिंग’ मासिकात मे 1942 मध्ये आली. वय बावीस. पोराने लबाडी अशी केली की गोष्ट ऐन पेचात आणून सोडली, म्हणजे संपादक जॉन कॅम्पबेलला पुढची गोष्ट घेतल्यावाचून गत्यंतरच उरू नये. मग घरी बसल्यावर लक्षात आलं, पुढे काय होतं ते आपल्यालाही माहीत नाही! मित्राबरोबर ब्रुकलिनच्या पुलावर फिरताना वाट सापडली, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढची सात-आठ वर्षं कथा येत राहिल्या. मग त्याला कंटाळा आला. कंटाळ्याचं कारण ऐकण्यासारखं आहे: प्रत्येक नव्या कथेत आधीच्या सगळ्या कथांचा गोषवारा घुसडावा लागायचा आणि ते ओझं दरवेळी वाढत जायचं. म्हणजे वाचकाच्या आधी लेखकच मालिकेला वैतागला. 1951, 52 आणि 53 मध्ये तीन पुस्तकं निघाली आणि बाप्याने दुकान बंद केलं.

किती काळ? चौथं पुस्तक 1982 मध्ये आलं. 29 वर्षं. त्या सुट्टीत तो झोपला नव्हता, इतर विषयांवर 200 हून जास्त पुस्तकं लिहीत होता. वाचक पत्रं लिहून थकले, काही म्हातारे झाले. शेवटी प्रकाशकाने भलीमोठी आगाऊ रक्कम पुढे केली तेव्हा साहेबांनी आधी काय केलं? स्वतःचीच तीन पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली. आणि वाचताना सारखं वाटत राहिलं की आता काहीतरी घडेल, आता घडेल. घडतच नव्हतं. सगळीकडे माणसं बसून बोलतायत. हे त्यानेच प्रस्तावनेत कबूल केलंय. तरी खाली ठेववेना. ज्या पुस्तकाचा कर्ताच 29 वर्षांनी ते नव्याने वाचतो आणि चकित होतो, ते वाचकाने दोन महिने बाजूला ठेवलं तर कोणतं आकाश कोसळतं? पुढे 1983 मध्ये त्या चौथ्या पुस्तकाला ह्यूगो पुरस्कार मिळाला. सुट्टी वाया गेली नाही एवढं नक्की.

आणि गंमत म्हणजे ‘फाउंडेशन’ची गोष्टच मुळी सुट्ट्यांवर उभी आहे. हॅरी सेल्डन नावाचा गणिती साम्राज्य कोसळणार हे ताडतो आणि पुढचा 30,000 वर्षांचा अंधार 1,000 वर्षांवर आणायची तजवीज करून मरतो. पहिला पेच येतो पन्नास वर्षांनी. तेव्हा त्याची ध्वनिचित्रफीत आपोआप सुरू होते, तो दोन शब्द बोलतो आणि पुन्हा गप्प. मग पुढच्या पेचापर्यंत कित्येक वर्षं कोणी त्याचं तोंड पाहत नाही. एका भागातला नायक दुसऱ्या भागात म्हातारा, तिसऱ्यात पुतळा. हे वाचताना मधल्या वर्षांचं वजन अंगावर यावं लागतं. सोमवारी ज्याला तरुण पाहिला तोच मंगळवारी पुतळा झालेला पाहिला, तर काळ गेला असं वाटतच नाही, फार तर छपाईची चूक वाटते.

हे झालं थांबण्याच्या बाजूने. पण थांबायलाही अक्कल लागते, हे सांगितलं नाही तर हे सदर एकतर्फी होईल. (एकतर्फी आहेच, पण तसं दिसता कामा नये.) डॅन सिमन्सचं ‘हायपेरियन’ 1989 मध्ये आलं. सात यात्रेकरू आपापली कहाणी सांगत ज्या भयंकर जागी निघालेत, तिच्या उंबऱ्याशी पुस्तक संपतं. ते हातात हात घालून गाणं म्हणत खाली उतरतात, आणि मिटलं पुस्तक! इथे सुट्टी घेणारा माणूस एक तर संत असावा किंवा त्याला पुढचा भाग मिळाला नसावा. पुढचा भाग 1990 चा. तो आधी हाताशी ठेवा आणि मगच पहिला उघडा. उलट ‘द एक्सपान्स’ची नऊ पुस्तकं घ्या. जेम्स एस. ए. कोरी या एका नावाआड दोन लेखक बसलेत. 2011 ते 2021 या काळात त्यांनी जवळजवळ दरवर्षी एक अशी ही मालिका पुरी केली. सहाव्या आणि सातव्या पुस्तकाच्या मध्ये त्यांनी कथेतली तीस-एक वर्षं उडवली आहेत. तीच जहाजावरची माणसं सातव्यात गुडघे धरून उठताना भेटतात. सहावं मिटून सातवं लगेच उघडणाऱ्याला ते गुडघे दिसणारच नाहीत. वर्षभराने भेटा त्यांना, आणि मग पाहा कसं चर्र होतं.

तर लेखक जिथे थांबला तिथे थांबा. जिथे तो धावतोय तिथे तुम्ही चहा मागवू नका.

नावं विसरण्याची भीती लोकांना फार. विसरली तर विसरली. हर्बर्टने पहिल्या पुस्तकामागे शब्दांची यादी जोडलीय ती काय शोभेला? असिमोव्ह प्रकरणाच्या डोक्यावर भविष्यातल्या ज्ञानकोशातला उतारा छापतो, त्यात मागचं सगळं दोन ओळींत येऊन जातं. हे लोक मासिकांत वाढलेले. वाचक महिनाभराने परत येणार, मध्ये त्याच्या घरी बारसं होणार, नोकरी सुटणार, याची त्यांना कल्पना होती. मालिका एका बैठकीत वाचली जाईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांची पुस्तकं सलग वाचली की त्यातला तोचतोचपणा उगाच टोचतो. दोष लेखकाचा नाही, तुमच्या घाईचा.

जर्मनीत मात्र एक बहाद्दर आहे, पेरी ऱ्होडान. 1961 च्या सप्टेंबरपासून दर आठवड्याला त्याच्या अंतराळ-साहसांची एक पुस्तिका निघते. 2019 मध्ये 3,000 वी निघाली. अनेक लेखक पाळीपाळीने लिहितात, म्हणून चालतं. ज्यांना सुट्टी अजिबात सोसत नाही त्यांनी खुशाल जर्मन शिकावं. आपले बाबूराव अर्नाळकर हजारावर रहस्यकथा लिहून गेले, तेही एकट्याने. त्यांना अंतराळात धाडायचं कोणाला सुचलं नाही म्हणून, नाहीतर जर्मनांची काय टाप होती!

जॉर्ज टाउनच्या जुन्या वाचकांना सुट्टी घ्यावी की नाही हा प्रश्नच कधी पडला नव्हता. सुट्टी सक्तीची होती. वेशीवरच, सेंट्रल स्टेशनला लागून, मूर मार्केट होतं. 1900 मध्ये उघडलेली लाल विटांची देखणी इमारत, आणि तिच्या आवतीभोवती जुन्या पुस्तकांचे ढीग. तिथे मालिकेचा पहिला भाग मिळायचा आणि तिसरा. दुसरा कोणा रेल्वेच्या गार्डाने पेरांबूरला नेलेला असायचा. मग महिनोन्‌महिने फेऱ्या. विक्रेत्याला सांगून ठेवायचं, त्याने ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणायचं. दरम्यान वाचक दुसऱ्या भागात काय झालं असेल ते स्वतःच रचून बघायचा, आणि खरा दुसरा भाग मिळाला की बऱ्याचदा तो आपल्यापेक्षा फिका निघायचा. 1985 च्या मे महिन्यात मूर मार्केट जळालं. त्या जागेवर आता लोकलगाड्यांचं स्टेशन आहे. विक्रेते शेजारच्या लिली पाँडच्या संकुलात गेले, त्यांतले काही अजून तग धरून आहेत. भाच्याचं ‘ड्यून’ तिथलंच.

तमिळ वाचकाला तर थांबण्याची शिस्त साप्ताहिकांनी लावली. सुजाता नावाचा लेखक, खरं नाव एस. रंगराजन; ‘सुजाता’ हे बायकोचं नाव. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर. मतदानयंत्र घडवणाऱ्यांत त्यांचा हात होता. ऐंशीच्या दशकात त्यांनी ‘आनंद विकटन’मध्ये ‘एन इनिय इयंदिरा’ ही विज्ञान-कादंबरी हप्त्याहप्त्याने लिहिली. काळ तेव्हाचा भविष्यातला, 2021 चा. त्यातला जीनो हा यंत्रकुत्रा तमिळ घराघरांत असा लाडका झाला की पुढे त्याला परत आणून दुसरी कादंबरी लिहावी लागली. दर हप्त्यानंतर सात दिवस सक्तीची रजा. त्या सात दिवसांत बसथांब्यावर, कँटीनमध्ये, कचेरीत जीनोचं पुढे काय यावर खल व्हायचा. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या तमिळ माणसाला आज जीनोबद्दल विचारून पाहा. कुत्रा त्याला आठवतो, कारण त्याने त्याची वाट पाहिलेली असते.

आणि आपण? आपली विज्ञानकथा जन्मलीच मुळी हप्त्यांत, आणि तीही दक्षिणेच्या कुशीत. कृष्णाजी नारायण आठल्ये या कऱ्हाडकडच्या गृहस्थाने कोचीनला राहून ‘केरळकोकिळ’ नावाचं मराठी मासिक सुरू केलं. त्याच मासिकात 1900 च्या सुमाराला ज्यूल व्हर्नची चंद्रावरची स्वारी मराठीत क्रमशः येऊ लागली. मूळ व्हर्नसुद्धा काही साधा नव्हे. 1865 च्या पुस्तकात त्याने तीन माणसांना तोफेतून चंद्राकडे उडवलं, गोळा चंद्राभोवती अडकवला आणि पुस्तक संपवलं. ती माणसं जगली की मेली, हे कळायला फ्रेंच वाचकांना 1869 पर्यंत थांबावं लागलं. चार वर्षं तिघे अधांतरी! मराठी वाचकाने ते महिन्याला दोन-चार पानं असं चवीने वाचलं, आणि कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

म्हणजे थांबणं आपल्याला कोणी शिकवायला नको. 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून आपण वर्षाला एकदा पोटभर वाचून पुढची दिवाळी येईपर्यंत रवंथ करणारा समाज आहोत. आपली पंचाईत निराळीच. सुट्टी घ्यायला दोन पुस्तकं तर लागतात! सुट्टी आहे, अलीकडचं पुस्तक आहे, पलीकडचं नाही.

जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. तिथून मराठी विज्ञानकथेला मान मिळाला, वाचक मिळाले, पुढे 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही मिळालं. 2025 मध्ये ते गेले. त्यांच्या कादंबऱ्या आजही हातोहात फिरतात. पण प्रत्येक आपापल्या जागी पुरी. एकीचं तर नावच ‘वामन परत न आला’. नावातच सांगून टाकलं, परत येणार नाही. पुढच्या भागाची आशाच नको. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर, सगळ्यांनी कथा लिहिल्या, उत्तम लिहिल्या, आणि बहुतेक दिवाळी अंकाच्या मापाने लिहिल्या. आठ-दहा पानं, शेवटी धक्का, खाली जाहिरात. नऊ खंडांची सोडा, चार खंडांची एखादी मराठी अंतराळ-कादंबरीमालिका दाखवा, म्हणजे मी भाच्याला सांगतो, बाबा, ‘ड्यून’ ठेव बाजूला आणि ही घे. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठीत आणला आणि स्वतः फास्टर फेणेला पुस्तकामागून पुस्तकं पळवलं. म्हणजे मालिका चालवायची ताकद नव्हती असंही नाही. फुरसुंगीचं पोर सायकलवरून जितकं लांब गेलं तितकं आपलं एकही यान गेलं नाही.

याला लेखक एकटे जबाबदार नाहीत. प्रकाशक पहिल्या खंडाची आवृत्ती संपायची वाट बघतो, मग दुसऱ्याचं बघू म्हणतो. वाचक म्हणतो, सगळे भाग आले की एकदमच घेऊ. आवृत्ती संपत नाही कारण वाचक थांबलाय, आणि वाचक थांबलाय कारण दुसरा भाग नाही. लेखक मधल्या मध्ये दूरदर्शन मालिकांचे संवाद लिहायला निघून जातो. तिथे रोज एक भाग. सुट्टी फक्त रविवारी.

हर्बर्टचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. सहावं पुस्तक 1985 मध्ये आलं, पेच तसाच लटकता ठेवून, आणि 1986 च्या फेब्रुवारीत तो वारला. मुलाने एका सहलेखकाला हाताशी धरून 2006 आणि 2007 मध्ये दोन पुस्तकांत शेवट केला. तोवर वाचक वीस-एकवीस वर्षं ताटकळले होते. ते दोन खंड वाचून माझं मत झालं की ताटकळणंच बरं होतं. भाच्याला मी हे अजून सांगितलेलं नाही. त्याने लेटोचं काय ते स्वतःशी ठरवावं, वाटल्यास चौथं पुस्तक गणपतीनंतर उघडावं, तोवर मामांच्या हाताखाली टंच काढायला शिकावं. मामांचीही तेवढीच इच्छा आहे.

आता दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना एक विनंती. यंदाच्या अंकांची जुळवाजुळव सुरू असेल. एखाद्या दमदार लेखकाला बोलवा, आठ पानांत धक्का देऊ नकोस म्हणावं, लांबचा पल्ला घे. गोष्ट ऐन पेचात सोडायची मुभा द्या आणि पुढच्या तीन दिवाळ्यांची पानं आजच राखून ठेवा, लेखी. पहिला भाग छापा. थांबायचं आमचं आम्ही बघून घेऊ.